आंबीलसांड्यांचा दगड

पुतण्याचा अमेरिकेतून फोन आला तेव्हा मी परभणीच्या घरी स्टुलावर उभा राहून पंख्याची पाती पुसत होतो. नाताळ झाला की येतो, म्हणाला. बायको-लेक तिकडंच राहणार होत्या, पण सोबत त्याचे तिकडचेच सासरे येणार होते, त्यांना आमची येळवस, वावरातला सण, बघायची होती. मी स्टुलावरूनच हो म्हणालो. मग म्हणाला, काका, या खेपेला आईच्या वावराचंही उरकून टाकू. गिऱ्हाईक तयार आहे. येळवशीच्या दुसऱ्या दिवशी विसाराची आगाऊ रक्कम घेऊ आणि उन्हाळ्यात आईला इकडं घेऊन येईन.

मी पुढचं पातं पुसायला घेतलं. बोलायला मला तोंडच नव्हतं. पालमपासून सात-आठ किलोमीटरवर आमचं गाव आहे. तिथली माझ्या वाट्याची जमीन मी वीस वर्षांपूर्वी विकली आणि परभणीत हे घर बांधलं. त्या जमिनीत कापूस पिकायचा, या घरात कोळिष्टकं पिकतात. राहिलं होतं ते थोरल्या भावाचं चार एकर. भाऊ गेला. वहिनी गावच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, निवृत्त झाल्या, पण गाव सोडलं नाही. वावर बटईनं देतात, पण रोज सकाळी एक चक्कर मारून येतात. लेकाच्या बेतावर त्यांचं उत्तर एवढंच होतं, "तू म्हणशील तसं." आयुष्यभर दुसऱ्यांना तोंडी परीक्षेत पूर्ण वाक्यात उत्तर द्यायला लावणारी बाई तीन शब्दांवर थांबली, हे मला बरं लक्षण वाटलं नव्हतं. पण माझ्या वाटण्याला विचारतो कोण.

व्याह्याला आमच्याकडं ईवाई म्हणतात. या ईवायांची मला तोवर माहिती होती ती इतकीच की गृहस्थ सत्तरीचे आहेत, दगडावर अक्षरं कोरायचा धंदा करायचे, आणि त्यांच्या गावाची इटलीतल्या कुठल्याशा गावाशी कागदोपत्री जोडी लागलेली आहे, त्या समितीत ते आहेत. एवढी माहिती शहाण्या माणसाला गप्प बसायला पुरेशी आहे. मी वहिनींना तयारीचं सांगायला गावी निघालो तो पालमच्या स्टँडसमोरच्या हॉटेलात चहाला थांबलो. ओळखीचे चारजण भेटले. मी सांगितलं की आमचे ईवाई येतायत, त्यांच्या गावानं इटलीच्या गावाशी करार केलाय, इकडची माणसं तिकडं जातात, तिकडची इकडं येतात. मी खोटं काहीच बोललो नाही. फक्त आवाज जरा मोठा होता, आणि दुसऱ्या चहानंतर मी असंही म्हणालो असेन की आपल्या गावाचंही काही जमतंय का बघू. मी वहिनींच्या दारात पोचेपर्यंत माझी बातमी मोटारसायकलवर बसून माझ्या आधी पोचली होती. इटलीचे नगराध्यक्ष आपलं गाव दत्तक घ्यायला यायलेत, अशी.

वहिनींनी मला पाणी दिलं आणि विचारलं, "भावजी, हे नगराध्यक्ष जेवणात काय घेतात?"

मी खुलासा करू लागलो. त्या म्हणाल्या, खुलासा गावाला करा, मला ठाऊक हाय तुमचा स्वभाव.

गावाला खुलासा करायचं मी ठरवलं होतं. राहून गेलं.

पाहुणे आले. ईवाई उंच, किंचित वाकलेले, हात मात्र आमच्याकडच्या सालदाराचे असतात तसे, नखं जाड, बोटांच्या पेरांवर पांढरे वण. परभणीहून गाडी निघाली तेव्हा पुतण्या पुढं बसून फोनवर ऑफिसचं काम करत होता, त्यामुळं दुभाषा मी. माझं इंग्रजी म्हणजे कॉलेजच्या ऑफिसात तीस वर्षं पत्रांचे मसुदे लिहून कमावलेलं. त्यात चौकशी करता येते, विनंती करता येते, पोच देता येते. गप्पा मारता येत नाहीत. म्हणून मी त्यांना त्यांच्या गावाच्या कराराबाबत सविस्तर माहिती देण्याची विनंती केली. त्यांनी ती गंगाखेड येईपर्यंत दिली, आणि मी गोदावरीच्या पुलावर पाहुण्याला नदी दाखवायची विसरलो, इतका गुंतलो.

त्यांचे पणजोबा इटलीतल्या एका डोंगरी गावातून निघाले. सोबत गावचे बरेच गडी. अमेरिकेत एका थंड मुलखात दगडाच्या खाणी होत्या, तिथं लागले. परतायचं म्हणून गेले आणि राहिले. सोबत अंजिराच्या फांद्या नेल्या होत्या. तिथल्या बर्फात अंजीर जगत नाही, म्हणून ही माणसं हिवाळा आला की झाडाची एका बाजूची मुळं मोकळी करून अख्खं झाड आडवं वाकवायची, चर खणून त्यात निजवायची, वर माती आणि जुनी जाजमं. उन्हाळा लागला की पुन्हा उभं. ईवाई अजून करतात. मी म्हणालो, दरवर्षी? ते म्हणाले, झाडाला सवय झालीय, माझ्या कंबरेला नाही.

झाड जगवलं, पण बाकीचं विसरले. पुढची पिढी तिकडची भाषा बोलायला लाजायची. त्यांच्या वडलांनी तर शाळेत पोरं हसतात म्हणून आडनावाची शेपूट छाटून टाकली. मग कधीतरी ईवायांच्या बायकोनं आणि दोन-चार शेजाऱ्यांनी मनावर घेतलं. इटलीतल्या त्या गावाला पत्र लिहिलं. उत्तर नाही. पुन्हा लिहिलं. शेवटी तिकिटं काढून स्वतःच जाऊन थडकले. तिथं पंचाईत अशी झाली की अर्ध्या गावाचं आडनाव एकच. कोण कुठल्या घरचं, कुणालाच सांगता येईना. लोक चांगले होते, कॉफी पाजत होते, पण ओळख काही पटत नव्हती. विहिरीपाशी एक म्हातारी बसली होती. तिनं विचारलं, आडनाव राहू दे, तुमच्या घराला गाव काय म्हणायचं?

ईवायांना एकच शब्द आठवला. त्यांची आजी आजोबांवर चिडली की तो शब्द वापरायची. त्यांना वाटायचं शिवी आहे. त्यांनी लाजत लाजत तो उच्चारला. त्याचा अर्थ होता आंधळ्या गाढवाचे. म्हातारीनं हातातलं विणकाम खाली ठेवलं, त्यांचं मनगट धरलं आणि चढणीवरून नेऊन एका छप्पर उडालेल्या घरापुढं उभं केलं. आत भिंतीला दगडी गव्हाण अजून होती. गाढव कधीचं मेलेलं, पण कसं आंधळं झालं, कुणी कुणाला फसवून विकलं, हे सगळं म्हातारीला तोंडपाठ.

"तिथं मी खाली बसलो," ईवाई म्हणाले. "गुडघे दुखत होते म्हणून नव्हे."

त्यातून पुढं दोन्ही गावांनी सह्या केल्या. एका वर्षी हे तिकडं जातात, एका वर्षी ते इकडं येतात, घरात राहतात, एकमेकांच्या सणाला वाढतात. अंजिराची फांदी परत तिकडं नेऊन लावली, कारण मूळ गावातलं झाड वाळलं होतं. आणि दोन्हीकडच्या चौकांत एकेक दगड उभा केला. त्यावर आडनावं नाहीत, नुसती घरांची टोपणनावं. आंधळ्या गाढवाचे, उलट्या टोपलीचे, उशिरा येणारे. दोन्ही दगड ईवायांनी स्वतःच्या हातानं कोरले. दोन वर्षं लागली.

मी ऑफिसात पुष्कळ करार पाहिले आहेत. बहुतेकांच्या फायली वाळवीनं वाचल्या. माणसांनी दर वर्षी उठून, पदरमोड करून, एकमेकांच्या चुलीपर्यंत जाऊन पाळलेला करार मी पहिल्यांदाच ऐकत होतो, आणि ऐकवणारा माणूस तो असा सांगत होता जसा आपण विहिरीतला गाळ काढल्याचं सांगतो. मला त्यांच्याविषयी फार आदर वाटला. त्या भरात गाव कधी आलं कळलं नाही.

गावाच्या तोंडाशी फ्लेक्स होता.

वीस फुटांचा. वर अकरा जणांचे फोटो, त्यांतले नऊ गॉगल लावलेले. खाली कोपऱ्यात ईवाई, पुतण्याच्या लग्नाच्या फोटोतून कापलेले, त्यामुळं त्यांच्या खांद्यावर कुणाचा तरी बांगड्यांचा हात तसाच राहिलेला. मजकूर: इटली देशाचे सन्माननीय नगराध्यक्ष यांचे हार्दिक स्वागत. आणि सगळ्यात खाली, लाल रंगात, फूटभर उंचीची अक्षरं: स्वागतोत्सुक, समस्त आंबीलसांडे परिवार.

हे आमच्या घराचं टोपणनाव. आमच्या आडनावाची गावात तीन घराणी आहेत, त्यामुळं छापणाऱ्यानं कोणते म्हणून विचारलं असणार आणि कुणीतरी सरळ मनानं सांगितलं असणार. पण हे नाव वहिनींच्या समोर घ्यायची गावात कुणाची छाती नव्हती.

नावाची गोष्ट अशी. येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावास्या. त्या दिवशी अख्खं गाव वावरात जातं. कडब्याची कोपी म्हणजे खोपी करायची, पाच दगडांना चुना लावून पांडव म्हणून मांडायचे, भज्जी, म्हणजे शेंगा-दाणे-पाल्याची मिसळभाजी, आणि आंबील वाहायची आणि येईल त्याला जेवू घालायचं. आंबील म्हणजे ताकातली जोंधळ्याच्या पिठाची, दोन दिवस आंबवलेली. तिचं मडकं घरच्या कर्त्या गड्यानं डोक्यावर न्यायचं आणि मागं वळून बघायचं नाही. माझ्या पणजोबांच्या मागून कुणीतरी ओरडलं की तुमच्या जोंधळ्यात बैल शिरलाय. पणजोबा वळले. बैल नव्हता, मडकं मात्र गेलं. तेव्हापासून आम्ही आंबीलसांडे. वहिनी या घरात सून म्हणून आल्या तेव्हा पोरं शाळेच्या भिंतीवर खडूनं लिहायची, आंबीलसांडी बाई. त्यांनी चाळीस वर्षं घासून ती भिंत पुसली, असं म्हणायला हरकत नाही. मी तर परभणीत हे नाव बायकोलासुद्धा लग्नानंतर सहा वर्षांनी सांगितलं.

ईवायांनी गाडी थांबवायला लावली आणि विचारलं, काय लिहिलंय. मी सगळं वाचून दाखवलं. नगराध्यक्षावर ते खूप हसले. शेवटच्या ओळीबद्दल मी म्हणालो, ते आमचं आडनाव.

घरी पोचलो. वहिनींनी दारात ओवाळलं. फ्लेक्सची बातमी त्यांना कळलेली होती हे त्यांच्या ओठांवरून दिसत होतं. ईवाई आत येता येता दाराच्या पाटीपाशी थांबले. पाटीवर भावाचं आडनाव होतं. ते बोटानं एकेक अक्षर चाचपत राहिले आणि मग माझ्याकडं वळून अगदी नम्रपणे म्हणाले की रस्त्यावरची अक्षरं ही नव्हेत. तिथं दोन टिंबं होती. इथं एकही नाही.

जन्मभर अक्षरं कोरणाऱ्या माणसाला लिपी येत नसली म्हणून फसवता येईल, असं मला वाटलं होतं. मसुद्यातलं इंग्रजी संपलं. मी मोडक्यातोडक्या भाषेत सगळं सांगून टाकलं, मडकं, बैल, पणजोबा. वहिनी आतून ऐकत होत्या. इंग्रजी त्यांना समजतं, बोलत नाहीत इतकंच. ईवाई हसतील म्हणून मी वाट बघत होतो. ते हसले नाहीत. त्यांनी टोपी काढली आणि विचारलं, माझ्या नातीला हे माहीत आहे?

त्यांची नात म्हणजे वहिनींचीही नात, नऊ वर्षांची. तिला कुणी सांगणार? आम्ही सगळ्यांनी मिळून ते लपवण्यात तीन पिढ्या घालवल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी येळवस. सकाळी मडकं कुणी न्यायचं हा प्रश्न आला. मी पुढं झालो तर वहिनी म्हणाल्या, "भावजी, तुमी घोंगडं घेऊन चला. पाहुण्याम्होरं पुन्हा नको." पुतण्या पालमला गेला होता, उद्याच्या कागदांची चौकशी करायला आणि गिऱ्हाइकाला जेवायला घेऊन यायला, येळवशीला वैऱ्यालाही नाही म्हणत नाहीत, हा तर घेणारा. मग ईवायांनीच डोक्यावर चुंबळ ठेवली. पाठीमागून अर्ध्या गावानं नाना हाका मारून पाहिल्या. माणूस वळला नाही. पाऊण किलोमीटर ढेकळांच्या वाटेनं चालून त्यांनी मडकं कोपीत उतरवलं, थेंब सांडला नाही.

बांधावरचा एक म्हातारा म्हणाला, "सांडली न्हाई. म्हंजे हे तुमच्यातले न्हाईत."

वहिनी हसल्या. पुतण्या आल्यापासून पहिल्यांदा.

जेवणं चालू झाली. ईवायांनी भज्जी तीनदा घेतली, आंबील चारदा, आणि दरवेळी आमच्यासारखी बोटं चाटली. मग हात धुऊन ते लिंबाखाली गेले. तिथं एक काळा दगड आहे, अर्धा जमिनीत, बैठकीएवढा. माझा भाऊ त्यावर बसून भाकर खायचा. ईवायांनी तो हाताच्या तळव्यानं पुसला, कान लावून नखानं वाजवला, आणि मला म्हणाले, मॅडमना विचारा, यावर ते नाव कोरू का. सकाळी पालमला निघालेल्या पुतण्याला सांगून त्यांनी बाजारातल्या, जात्याला टाकी लावणाऱ्या पाथरवटाकडून छिन्नी आणि हातोडा मागून आणायला लावला होता. मला वाटलं होतं हौस म्हणून हवा असेल.

वहिनी पदराला हात पुसत आल्या. दगडाकडं बघितलं. मग मला म्हणाल्या, "त्यांना सांगा, हे वावर उद्या चाललंय."

मी सांगितलं. ईवाई दगडावर बसले नाहीत, शेजारी मातीत बसले. त्यांचं बोलणं मी जमेल तसं मराठीत करत गेलो. त्यांच्या आजोबांनीही तिकडचं सगळं विकायला काढलं होतं. ते घर विकलं गेलं नाही याचं कारण एकच, ते इतकं पडकं होतं की कुणी घेतलं नाही. "ती गव्हाण नसती," ते म्हणाले, "तर माझ्याकडं नुसती एक शिवी राहिली असती." वावर विकू नका असं म्हणाले नाहीत. ते म्हणायचा हक्क त्यांना नाही हे त्यांना माहीत होतं, आणि मला तर मुळीच नव्हता.

गिऱ्हाईक कोपीपाशी मांडी घालून जेवत होता. पुतण्या त्याच्या शेजारी. दोघंही इकडं बघत होते. वहिनींनी लिंबाच्या बुंध्याला हात टेकला. चाळीस वर्षं ज्या नावाला त्यांनी घराच्या उंबऱ्यात येऊ दिलं नव्हतं, ते दगडावर घालायचं. आणि एकदा घातलं की दगड उचलून अमेरिकेला नेता येत नाही.

"भावजी," त्या म्हणाल्या, "घरी कपाटात खडूचा डबा हाय. घेऊन या."

मी गेलो. पंचावन्नाव्या वर्षी, भरल्या पोटी, पाऊण किलोमीटर जाऊन पाऊण किलोमीटर धावत आलो. धावत म्हणजे माझ्या मानानं. वहिनी दगडापुढं गुडघे टेकून बसल्या आणि फळ्यावर लिहायच्या तशा, एका वळणात, एकसारख्या उंचीची अक्षरं काढली. आंबीलसांडे. मग उठल्या, खडूचे हात झटकले, आणि लेकाला म्हणाल्या, "मी येते तिकडं. हिवाळ्याआधी चार म्हैने ऱ्हाते. पण येळवशीला इथं आसल, आणि पोरीला घेऊन तूबी यायचं. वावर काही जाणार न्हाई."

पूर्ण वाक्यं. एक सोडून चार.

पुतण्याचा चेहरा पडला हे खोटं का सांगू. त्यानं सहा महिने यासाठी फोन केले होते. तो गिऱ्हाइकाकडं वळला. गिऱ्हाइकानं दगडावरची अक्षरं वाचली, वाटीतली आंबील संपवली आणि म्हणाला, "बाई, मग मी फकस्त जेवून जातो." वहिनींनी त्याला आणखी भज्जी वाढली.

कोरायला तीन दिवस लागले. आमचा काळा दगड चिवट, टवका भलतीकडंच उडतो. ईवाई तासाला चार बोटं सरकायचे. टिंबांपाशी आल्यावर त्यांनी विचारलं, ही दोन हवीतच का, की खडू उडालाय? वहिनींनी दुरूनच मान हलवली, हवीतच. तिसऱ्या दिवशी पुतण्यानं बापाच्या जागेवर, दगडाशेजारी, फोन उभा करून लेकीला दाखवलं. तिकडं तिची सकाळ होती. तिनं अर्थ विचारला. पुतण्यानं सांगायला सुरुवात केली आणि बैलापाशी अडखळला, कारण त्यालाही कुणी नीट सांगितलेलं नव्हतं. मग वहिनींनी फोन हातात घेतला. पणजोबांपासून सुरुवात करून त्यांनी सगळं सांगितलं, मधे मधे इंग्रजीतसुद्धा, जे त्या बोलत नाहीत. पोरीनं विचारलं, ओरडलं कोण होतं? हा प्रश्न आमच्या घरात कुणालाच पडला नव्हता.

बांधावरचा म्हातारा तिथंच बसला होता. तो घसा खाकरून म्हणाला, "आमचा आजा."

मी दगडाची पूड धुवायला तांब्या घेऊन उभा होतो. तेवढं एकच काम ईवायांनी माझ्याकडं दिलं होतं. म्हाताऱ्याकडं बघायला मी वळलो, आणि तांब्या हातातून निसटून वहिनींच्या हातच्या फोनवर, छिन्नीवर आणि ईवायांच्या पायांवर पाणीच पाणी झालं.